कागदावर नीळकंठ, मैदानावर अराता: पासपोर्ट बदललेल्या फुटबॉलपटूचं प्रकरण, बेळगाव सीमाभागासाठी

६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोचीत भारत आणि पॅलेस्टाइन यांच्यात मैत्रीपूर्ण सामना झाला. भारत २-४ असा हरला. त्या दिवशी निळ्या जर्सीत एक मिडफिल्डर पहिल्यांदा उतरला. जन्म ३१ जुलै १९८२, गाव जपानमधलं शिमोनोसेकी, आई जपानी, वडील मूळचे गुजराती. मैदानावर सगळे त्याला अराता इझुमी म्हणत. भारतीय कागदांवर त्याचं नाव होतं नीळकंठ खंभोळजा. भारताकडून पहिला सामना खेळताना त्याचं वय तीस वर्षं सहा महिने होतं, आणि मिडफिल्डरचा उमेदीचा काळ तोवर बराचसा सरलेला असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या खेळाडूंनी आणि त्यांच्या पालकांनी हे प्रकरण नीट वाचावं असं आम्हाला वाटतं, ते गोव्यामुळे. चोर्ला घाट उतरला की गोवा. आपल्याकडची चांगली पोरं तिकडच्या क्लबांत खेळायला जातात. फादर एडी स्मृती स्पर्धेत सेंट पॉल्सच्या मैदानावर चमकलेला मुलगा दोन-तीन वर्षांत म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजूला दिसतो. मग कोणीतरी त्याला सांगतं, ‘तुझे आजोबा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले ना? पोर्तुगीज पासपोर्ट काढ, युरोपात खेळशील.’ अराता ज्या दारातून आत आला, त्याच दारातून हा मुलगा बाहेर पडायला निघतो. दोघांच्या वाटेवर कुलपं तीच दोन आहेत: भारताचा नागरिकत्व कायदा, १९५५ आणि फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिचे पात्रतेचे नियम. एकाची किल्ली दुसऱ्याला चालत नाही, आणि फसगत बहुतेक वेळा इथेच होते.

अराता भारतात कसा आला

जपानमधून तो आधी सिंगापूरला गेला. अल्बिरेक्स निगाटा या जपानी क्लबचा एक संघ सिंगापूरच्या लीगमध्ये खेळतो, त्यात २००५ साली तो होता. २००६ मध्ये तो कोलकात्याला ईस्ट बंगालकडे आला. पुढे मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये दोन हंगाम काढले आणि २००९ पासून पुणे एफसीत स्थिरावला. बालेवाडीत त्याचा खेळ पाहिलेले लोक आपल्याकडेही आहेत. बिनचूक पास, दोन्ही पायांचा वापर, आणि चेंडू नसतानाही सतत धावणं, ही त्याची ओळख.

या सगळ्या काळात तो परदेशी खेळाडू म्हणून नोंदलेला होता. क्लबच्या दृष्टीनं परदेशी जागा मोजक्याच असतात, आणि त्या जागेवर साधारणतः गोल करणारा स्ट्रायकर किंवा उंचापुरा सेंटर-बॅक आणला जातो. मिडफिल्डमध्ये खेळ जोडणाऱ्या माणसाला ती जागा वर्षानुवर्षं मिळत राहणं हीच मुळात त्याच्या दर्जाची पावती. मात्र दर हंगामाला नवा व्हिसा, नवा करार आणि ‘यंदा त्या जागेवर दुसरं कोणी आणलं तर?’ ही टांगती तलवार होतीच.

पहिलं कुलूप: नागरिकत्व

वडील भारतीय वंशाचे, मग ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डावर, खेळता आलं नसतं का? नाही. २००८च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयानं धोरण ठरवलं की राष्ट्रीय संघातून खेळायला भारतीय पासपोर्टच हवा. त्याआधी टेनिसमध्ये अमेरिकन नागरिक असलेले प्रकाश अमृतराज भारतासाठी डेव्हिस कप खेळले होते, ती वाट तिथे बंद झाली. इंग्लंडमध्ये वाढलेला मायकेल चोप्रा केरळ ब्लास्टर्सकडून खेळला, पण ब्रिटिश पासपोर्ट असल्यामुळे भारताकडून खेळू शकला नाही.

दुहेरी नागरिकत्व भारतात नाही. जपानही स्वेच्छेनं दुसरं नागरिकत्व घेणाऱ्याचं नागरिकत्व काढून घेतो. त्यांच्या राष्ट्रीयत्व कायद्याचं अकरावं कलम तेच सांगतं. म्हणजे अरातासमोर ‘हेही आणि तेही’ असा पर्यायच नव्हता. ज्या पासपोर्टवर जगातले बहुतेक देश व्हिसा न मागता आत घेतात, तो सोडून भारताचा घ्यायचा होता. २०१२ मध्ये त्यानं तो घेतला.

भारतीय वंशाच्या प्रौढ माणसासाठी कायद्याच्या कलम ५ मध्ये नोंदणीच्या तीन मुख्य वाटा आहेत. पहिली सात वर्षांच्या वास्तव्याची: अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात, आणि त्याच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. दुसरी वाट ज्याचे आई किंवा वडील, किंवा तो स्वतः, पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक होता त्याच्यासाठी. इथे अर्जाआधीचे बारा महिने पुरतात. तिसरी वाट पाच वर्षं ओसीआय कार्ड असलेल्याची, तिलाही शेवटचे बारा महिने लागतात.

तिन्ही वाटांवर बारा महिने आहेत, आणि फुटबॉलपटूची फाइल नेमकी इथेच अडकते. हंगाम संपला की परदेशी खेळाडू घरी जातो, दोन-अडीच महिने राहतो आणि नव्या हंगामाला परततो. तेवढ्यात सलग वास्तव्य तुटतं. क्लबचा परदेशातला सराव दौरा, आशियाई स्पर्धेतला बाहेरचा सामना, हे दिवसही बाहेरच मोजले जातात. २०१५च्या दुरुस्तीनं विशेष परिस्थितीत एकूण तीस दिवसांपर्यंत सवलत देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. पण ती सवलत सरकारच्या मर्जीवर आहे, तिच्या भरवशावर विमानाची तिकिटं काढू नयेत. अर्ज करण्याआधी पासपोर्टवरचे आगमन-निर्गमनाचे सगळे शिक्के तारखेवार एका कागदावर मांडून बाहेरचे दिवस मोजावेत. हे काम क्लबच्या मॅनेजरवर सोडायचं नसतं.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडून राज्याच्या गृहखात्यामार्गे केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो, मध्ये पोलीस पडताळणी होते. मंजुरीची तयारी दाखवल्यावर आधीचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागितला जातो, निष्ठेची शपथ घ्यावी लागते आणि त्यानंतर नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं. भारतीय पासपोर्ट त्याच्याही नंतर. या मधल्या आठवड्यांत जुना पासपोर्ट गेलेला आणि नवा आलेला नाही, अशी अवस्था येऊ शकते. तेव्हा देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. क्लबचा परदेशी सामना त्याच सुमारास असेल तर खेळाडू घरी बसतो.

दुसरं कुलूप: फिफा

पासपोर्ट आला म्हणजे जर्सी आली असं नाही. नवं नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूला फिफा आणखी एक दुवा मागते. तो स्वतः त्या देशात जन्मलेला असावा, किंवा त्याची आई वा वडील, किंवा आजी वा आजोबा तिथे जन्मलेले असावेत, किंवा तो तिथे ठरावीक वर्षं राहिलेला असावा. अठरा वर्षांनंतर राहायला आलेल्यासाठी ही मुदत पाच वर्षांची आहे. अराता २००६ पासून इथेच होता आणि जपानच्या राष्ट्रीय संघाचा कसलाही इतिहास त्याच्या पाठीशी नव्हता. त्यामुळे एका देशाच्या फुटबॉल संघटनेकडून दुसऱ्या देशाच्या संघटनेकडे जाण्याची वेगळी परवानगी मागायची वेळच आली नाही. त्याची पाटी कोरी होती, आणि या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

पाटी कोरी नसली तर काय होतं ते २०२५ मध्ये आपल्याच राज्यात दिसलं. बेंगळुरू एफसीचा रायन विल्यम्स, जन्म पर्थचा, आईचं कुटुंब मुंबईचं अँग्लो-इंडियन. त्यानं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. २०१९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या मुख्य संघाकडून दक्षिण कोरियाविरुद्ध खेळला होता, पण तो मैत्रीपूर्ण सामना होता आणि मैत्रीपूर्ण सामन्यानं खेळाडू कायमचा बांधला जात नाही. अडचण होती ती वयोगटाच्या संघांची. तो ऑस्ट्रेलियाकडून २० वर्षांखालील विश्वचषकात खेळला होता, आणि वयोगटाची का असेना, अधिकृत स्पर्धा ही अधिकृतच. अशा खेळाडूला संघटना बदलण्याची रीतसर परवानगी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो भारताच्या शिबिरात दाखल झाला, पासपोर्टही हातात होता, पण कागद वेळेत पूर्ण झाले नाहीत आणि १८ नोव्हेंबरच्या ढाक्यातल्या बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात तो खेळू शकला नाही. भारत तो सामना ०-१ नं हरला.

परवानगीचे नियम २०२० मध्ये थोडे सैल झाले, तरी ते कडकच आहेत. केवळ वयोगटाच्या अधिकृत सामन्यांत खेळलेल्या खेळाडूकडे त्यातल्या पहिल्या सामन्याच्या वेळीच नव्या देशाचं नागरिकत्व असेल, तर बदल मिळतो. ते नसेल, तर शेवटचा अधिकृत सामना खेळताना वय २१ पेक्षा कमी हवं आणि वर सांगितलेला जन्माचा किंवा वास्तव्याचा दुवाही हवा. मुख्य संघाकडून अधिकृत सामना खेळलेल्यासाठी अटी वाढतात. पहिल्या अधिकृत सामन्याच्या वेळी नव्या देशाचं नागरिकत्व असलेलं हवं, शेवटच्या वेळी वय २१ च्या आत, मुख्य संघाचे एकूण सामने तीनपेक्षा जास्त नकोत, शेवटच्या सामन्याला तीन वर्षं झालेली हवीत आणि विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो उतरलेला नको. यातली एक अट हुकली तरी दार बंद.

आणखी एक बारकावा आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. नागरिकत्व ‘असणं’ आणि नागरिकत्व ‘मिळू शकणं’ या फिफाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्यानं ते आपोआप, कोणताही अर्ज न करता मिळालेलं असेल, किंवा रीतसर प्रक्रिया करून घेतलेलं असेल, तरच ते ‘आहे’ असं धरतात. ‘आमच्या आजोबांमुळे आमचा हक्क बनतो’ हे वाक्य घरात ठीक, फिफाच्या अर्जावर त्याला वजन नाही.

चोर्ला घाटाची वाट

आता उलट दिशेचा प्रवास. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधी पोर्तुगीज अमलाखालच्या गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचा कायदा आपला नागरिक म्हणून मान्यता देतो, आणि पुढच्या दोन पिढ्यांपर्यंत हा धागा नेता येतो. त्यासाठी आधी त्या पिढीचा जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात नोंदवावा लागतो, मग मुलाचा, मग नातवाचा. साखळीतली कडी गाळून पुढे जाता येत नाही.

गोव्याशी सोयरिक असणं वेगळं आणि गोव्यात जन्म असणं वेगळं. खानापूर तालुक्यातल्या आणि बेळगाव शहरातल्या किती तरी मराठी घरांचं मूळ सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे भागातलं आहे, कुलदैवतही तिकडचंच. पण आजोबांचा जन्म घाटावरच्या कणकुंबीत झाला असेल तर तो ब्रिटिश मुंबई प्रांतात झाला. घाटाखाली दहा-पंधरा किलोमीटरवर झाला असता तर गोष्ट वेगळी. त्यामुळे ‘आम्ही मूळचे गोव्याचे’ एवढ्यावर एजंटाला आगाऊ पैसे देऊ नयेत. आधी गोव्यातल्या संबंधित तालुक्याच्या नोंदणी कार्यालयातून जुन्या पोर्तुगीज नोंदवहीतला जन्माचा पूर्ण उतारा काढावा. तो मिळाला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ.

समजा उतारा मिळाला, साखळी जुळली, पोर्तुगीज पासपोर्ट आला. त्या क्षणी भारताचं नागरिकत्व गेलं. कलम ९ नुसार स्वेच्छेनं परदेशी नागरिकत्व घेतल्यावर ते आपोआप संपतं, कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. नुसती लिस्बनला जन्मनोंद झाली म्हणजे नागरिकत्व घेतलं असं धरायचं का, यावर गोव्यात मोठे वाद झाले आहेत. पण परदेशी पासपोर्ट हाती आला की वादाला जागाच उरत नाही. नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत तो निर्णायक पुरावा मानलेला आहे. त्यानंतर भारतीय पासपोर्ट जमा करायचा असतो. ‘दोन्ही खिशात ठेवू, कोण बघतंय’ असं सांगणारे भेटतात. भारतीय पासपोर्ट त्यानंतर वापरणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे.

खेळाडूच्या आयुष्यात याचा अर्थ काय? भारताच्या संघाचं दार बंद. भारतीय क्लबांत आजवरच्या नियमांनुसार परदेशी पासपोर्टवाला परदेशी जागेत मोजला जातो, आणि ब्राझीलचा किंवा स्पेनचा अनुभवी खेळाडू सोडून ती जागा खानापूरच्या वीस वर्षांच्या मुलाला कोणी देणार नाही. ओसीआय कार्ड काढलं तर भारतात राहता येईल, काम करता येईल. मतदान करता येणार नाही. वारसानं आलेली शेती राहील, पण नवी शेतजमीन विकत घेता येणार नाही, आणि शेतकरी घरासाठी ही लहान गोष्ट नाही.

सगळ्यात मोठं नुकसान नोकरीचं, आणि त्याबद्दल मैदानावर फार कमी बोललं जातं. बेळगाव भागातल्या बहुतेक फुटबॉलपटूंचा खरा आधार क्रीडा कोट्यातली नोकरी असतो: हुबळीला मुख्यालय असलेली दक्षिण पश्चिम रेल्वे, पोलीस, सैन्यदल. गुडघ्याची लिगामेंट चोविसाव्या वर्षी तुटली तरी ती नोकरी घर चालवते. परदेशी नागरिकाला ती मिळत नाही.

मग हाती काय पडतं? युरोपीय संघाच्या देशांतल्या लीगमध्ये ‘युरोपीय संघाबाहेरचा खेळाडू’ ही अडचण राहत नाही. नेदरलँड्ससारख्या देशात युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला तिथल्या सरासरीच्या दीडपट वेतन देणं क्लबला बंधनकारक आहे, त्यामुळे ते बाहेरचा नवखा खेळाडू घेतच नाहीत. पोर्तुगीज पासपोर्ट हा अडसर दूर करतो. इंग्लंडचं मात्र आता विसरावं. ३१ डिसेंबर २०२० नंतर युरोपीय पासपोर्टवाल्यालाही तिथे गुणांवर आधारित परवानगी लागते, आणि ते गुण मुख्यतः राष्ट्रीय संघातले सामने आणि आधीच्या लीगचा दर्जा यांवर मिळतात. गोव्याच्या लीगमधून थेट गेलेल्याकडे ते असणारच नाहीत. ‘पासपोर्ट काढ आणि इंग्लंडला जा’ हा सल्ला कालबाह्य झाला, तरी आजही तो दिला जातो.

आमचं स्पष्ट मत असं: युरोपातल्या क्लबचा लेखी करार समोर नसताना केवळ फुटबॉलसाठी पासपोर्ट बदलू नये. घराला इतर कारणांसाठी तो निर्णय घ्यायचा असेल तर घ्यावा, पण मुलाच्या खेळाचं नाव पुढे करू नये. बाहेर खेळायला पासपोर्ट बदलावाच लागतो असंही नाही. गुरप्रीत सिंग संधू भारतीय पासपोर्टवर नॉर्वेच्या स्टाबेककडून खेळला. सुनील छेत्री भारतीय पासपोर्टवरच अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे आणि पुढे पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगच्या ‘बी’ संघात गेला.

परतीची वाट आहे, पण लांबची. पूर्वी भारताचा नागरिक असलेल्याला कलम ५ खाली पुन्हा अर्ज करता येतो. त्यासाठी तेच सलग बारा महिने इथे राहायचं, तीच पडताळणी, पुन्हा पोर्तुगीज नागरिकत्व सोडायचं. फाइलचा वेळ धरून दोन-तीन हंगाम सहज जातात, आणि फुटबॉलपटूच्या हातात एकूण हंगाम असतात बारा-पंधरा.

कागदांतला घोळ

सीमाभागातल्या माणसाच्या कागदांचा गुंता पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. शाळेचा दाखला मराठीत, ग्रामपंचायतीचा उतारा कानडीत, आधार इंग्रजीत आणि आजोबांची नोंद पोर्तुगीजमध्ये. प्रत्येक लिपीत नाव थोडं हललेलं. जुन्या पोर्तुगीज वह्यांत नाईक, देसाई, गावकर, प्रभू ही आडनावं तिथल्या उच्चाराप्रमाणे अशी लिहिली आहेत की रोमन लिपीत ती वेगळ्याच घराण्याची वाटावीत. नाईकच्या शेवटी ‘क्यू-यू-ई’ येतं, प्रभूचं ‘पोरोबो’ होतं. आपल्याकडे कानडी कागदांत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर असतं, कुठे गावाचंच नाव आडनावाच्या जागी बसलेलं असतं. शिवाय १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. म्हणून एकाच माणसाचं जन्मस्थळ जुन्या दाखल्यावर एका स्पेलिंगनं आणि नव्या पासपोर्टवर दुसऱ्याच स्पेलिंगनं येतं. १९५६ पूर्वीच्या नोंदीत राज्याच्या जागी मुंबई असतं, तेही परदेशातल्या कारकुनाला समजावून द्यावं लागतं.

ही कामं घाईत होत नाहीत. दोन नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र, अधिकृत भाषांतर, आणि जिथे चूक खरोखर नोंदीत आहे तिथे नोंदीचीच दुरुस्ती, हा क्रम ठेवावा. आधी प्रतिज्ञापत्र आणि मागाहून नोंद बदलली, तर दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलू लागतात.

आणि नोंद ‘जुळवून’ देणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये फिफानं मलेशियाच्या सात खेळाडूंवर बारा महिन्यांची बंदी घातली, प्रत्येकाला २,००० स्विस फ्रँक दंड केला आणि त्यांच्या फुटबॉल संघटनेला ३,५०,००० फ्रँक. त्यांचे आजी-आजोबा मलेशियात जन्मले असे दाखले जोडलेले होते. फिफानं मूळ नोंदी मिळवल्या तेव्हा ते जन्म अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि नेदरलँड्समधले निघाले. याच खेळाडूंपैकी काही जण १० जून २०२५ रोजी व्हिएतनामविरुद्ध ४-० नं जिंकलेल्या संघात होते. आजोबांचं गाव बदलण्याचे दिवस गेले. मूळ वही कुठे आहे ते शोधणारे आता बसलेले आहेत.

अठराच्या आतल्या मुलांसाठी

इथे थोडक्यात सांगतो, कारण नियम सरळ आहे. १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली फिफाच्या खेळाडू-बदली नियमांतल्या कलम १९ नं बंद केली आहे. अपवाद मोजके: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील, किंवा युरोपीय संघाच्या आत १६ ते १८ वयाची बदली असेल, किंवा घर आणि क्लब दोन्ही देशाच्या सीमेपासून पन्नास किलोमीटरच्या आत असतील. ही सीमा देशांची. बेळगावहून कोल्हापूरला किंवा पणजीला जाणं ही फक्त राज्यांमधली बदली आहे, तिला आंतरराष्ट्रीय बदलीचं प्रमाणपत्र लागत नाही. आधीच्या क्लबची मोकळीक आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीतली नोंद पुरते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ‘पोर्तुगालमध्ये ट्रायल आणि करार’ देतो म्हणणाऱ्याचा फिफा परवाना आधी पाहावा. फिफाच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी खुली आहे.

इथल्या क्लबांनीही एक काम करावं. मुलगा बाराव्या वर्षापासून आपल्याकडे खेळत असेल तर दर हंगामाची त्याची नोंद प्रणालीत झालीच पाहिजे. पुढे तो परदेशी क्लबकडे व्यावसायिक म्हणून गेला तर १२ ते २१ वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण भरपाई मिळू शकते, आणि करार चालू असताना पैसे देऊन बदली झाली तर १२ ते २३ वयातल्या क्लबांत त्या रकमेचे पाच टक्के वाटले जातात. बेळगावच्या लेले मैदानावरच्या क्लबाला अशी रक्कम आली तर जाळी, चेंडू आणि प्रशिक्षकाचा पगार काही वर्षं सुटेल. नोंद नसेल तर एक रुपयाही मागता येत नाही.

अराताच्या हाती काय आलं

भारताकडून तो फार काळ खेळला नाही. तिशीनंतर आलेल्या मिडफिल्डरकडून ती अपेक्षाही नव्हती. नागरिकत्वाची खरी किंमत क्लब फुटबॉलमध्ये वसूल झाली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी खेळाडू उतरवता येत आणि उरलेल्या जागा भारतीयांच्या. जपानमध्ये घडलेला, डावा-उजवा पाय सारखा चालणारा खेळाडू आता त्या भारतीय जागेवर खेळू शकत होता. अ‍ॅटलेटिको डी कोलकाता, एफसी पुणे सिटी आणि केरळ ब्लास्टर्स या तिघांनी त्याला घेतलं, तेही तेहतीस-चौतीस-पस्तीस या वयात. परदेशी म्हणून नोंद असती तर त्या वयाच्या मिडफिल्डरवर कोणी जागा खर्च केली नसती.

खेळ थांबवल्यावर तो इथेच राहिला. नवी मुंबईतल्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमीत त्यानं प्रशिक्षक म्हणून काम सुरू केलं. अशा अकादमीतल्या मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले आणि पासपोर्ट दर हंगामाच्या आधी तपासले जातात, पहिला अधिकृत सामना खेळण्यापूर्वी.